‘का?’ हे ज्याचे नाव

परक्या घरी वाढणारे मूल लवकर शहाणे होते, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते हट्ट करीत नाही, दुसऱ्यांदा मागत नाही, उलटून बोलत नाही. या शहाणपणामागे पुष्कळदा भीती दडलेली असते. आपण बोललो तर डोक्यावरचे छप्पर जाईल, ही ती भीती. ब्रिटनमधील ख्यातनाम कवी लेम सिसे यांच्या बाबतीत ते छप्पर खरोखरच गेले. आणि तरीही ते बोलले.

सिसे यांचा जन्म १९६७ मध्ये इंग्लंडमधील विगन परिसरात झाला. त्यांची आई इथिओपियाहून शिक्षणासाठी आलेली तरुणी. बाळाचा काही काळ कोणी सांभाळ करावा, एवढीच तिची विनंती होती. दत्तकाच्या कागदांवर सही करण्यास तिने नकार दिला. तरीही समाजसेवा खात्यातील अधिकाऱ्याने बाळ एका प्रतिपालक कुटुंबाकडे सोपविले आणि ‘हे दत्तकच समजा’ असे त्यांना सांगितले. बाळाचे नाव ‘नॉर्मन’ ठेवण्यात आले. त्या अधिकाऱ्याचे नावही नॉर्मनच होते.

त्या दांपत्यालाच आई-वडील मानून तो वाढला. पुढे त्यांना स्वतःची तीन मुले झाली. न विचारता बिस्किटे घेणे, घरी उशिरा येणे असल्या कुरबुरी वाढत गेल्या आणि बाराव्या वर्षी त्याला बालगृहात धाडून कुटुंबाने संबंध तोडला. त्यानंतरची वर्षे एका बालगृहातून दुसऱ्या बालगृहात गेली. त्याच्याविषयीच्या अहवालांनी फाईल मात्र भरत राहिली.

बालगृह सोडण्याच्या सुमारास त्याच्या हाती जन्मदाखला पडला. त्यावर नाव होते लेम सिसे. आईने १९६८ मध्येच पत्र लिहून आपला मुलगा परत मागितला होता, हेही तेव्हाच उघड झाले. आईच्या अम्हारिक भाषेत त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘का?’. त्याने ते नाव स्वीकारले आणि तोच प्रश्न व्यवस्थेला विचारण्यास आरंभ केला. त्याला बळ दिले कवितेने. सतराव्या वर्षी, बेकारीच्या सरकारी भत्त्यातून पैसे काढून त्याने आपली पहिली कवितापुस्तिका छापली होती.

आपल्या खात्याचा उतारा मागणे हा प्रत्येक खातेदाराचा साधा हक्क आहे. सिसे यांना स्वतःच्या बालपणाच्या नोंदी मिळविण्यासाठी मात्र सुमारे तीस वर्षे झगडावे लागले. २०१५ मध्ये त्या हाती आल्या. त्यांनी विगन कौन्सिलविरुद्ध दावा लावला. त्यासाठी तयार झालेला मानसशास्त्रज्ञाचा अहवाल २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट रंगमंचावर वाचला गेला, तेव्हा प्रेक्षकांसमोर बसून सिसे तो प्रथमच ऐकत होते. २०१८ मध्ये तडजोड झाली आणि कौन्सिलने माफी मागितली. ‘माय नेम इज व्हाय’ या २०१९ च्या आत्मकथनात त्यांनी फाईलमधील कागद व स्वतःच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. ज्याच्याविषयी केवळ इतरांनी लिहिले, तो अखेर स्वतः बोलला. २०१५ ते २०२२ या काळात तो मँचेस्टर विद्यापीठाचा कुलपतीही होता.

आपल्याकडेही २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ४४ अन्वये बालकांना प्रतिपालक कुटुंबात ठेवता येते. हा निर्णय बाल कल्याण समिती घेते. आपल्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात बालकाचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हे तत्त्व याच कायद्याच्या कलम ३ मध्ये नमूद आहे. संकटातील बालकासाठी १०९८ ही विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

तथापि असे मूल आधी दूरध्वनीकडे वळत नाही. ते आसपासच्या एखाद्या मोठ्या माणसाचा अंदाज घेते. तो माणूस शिक्षक असेल, शेजारी असेल, कदाचित आपणही असू. त्या वेळी ‘ज्यांनी सांभाळले त्यांच्याविषयी असे बोलू नये’ एवढे एक वाक्य उच्चारले, तरी ते मूल पुन्हा कित्येक वर्षे गप्प बसेल. त्याऐवजी हातातले काम बाजूस ठेवून त्याचे सारे म्हणणे ऐकून घ्यावे.