किल्ला तिकडे, स्टेशन इकडे

चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व टोकाला असलेल्या चेस्की त्येशीन या गावाकडे मोठं रेल्वे स्टेशन आहे, पण स्वतःचा किल्ला नाही. किल्ला आहे ओल्झा नदीपलीकडे, पोलंडमधल्या चेशिनमध्ये. जुना बाजारचौकही तिकडेच आणि पोलंडच्या 20 झ्वॉटींच्या नोटेवर झळकणारं अकराव्या शतकातलं गोल चर्चही तिकडेच. दोन्ही नावांचं मूळ एक, कारण 1920 पर्यंत गावच एक होतं.

हे मुळात घाटाच्या पायथ्याचं गाव. ओल्झा बेस्किड डोंगरांत उगम पावते आणि उत्तरेकडे जाऊन ओडरला मिळते. तिच्या खोऱ्यातून वर चढलं की याब्लुंकोव्हची खिंड लागते. पलीकडे आज स्लोव्हाकिया आहे, पूर्वी हंगेरीचं राज्य होतं. या वाटेवरच्या व्यापारावर गाव वाढलं आणि एका छोट्या संस्थानाची राजधानी झालं. 1653 मध्ये तिथलं प्यास्ट घराणं संपलं आणि संस्थान हाब्सबुर्गांकडे आलं. 1779 मध्ये बव्हेरियाच्या वारसाहक्कावरून पेटलेलं युद्ध मिटवणारा तह इथेच झाला. त्या युद्धात लढाया थोड्या आणि अन्नासाठी धावाधाव फार, म्हणून लोक त्याला ‘बटाट्याचं युद्ध’ म्हणत.

खरी ओढाताण सुरू झाली ती कोळशापायी. जवळच ओस्ट्राव्हा-कार्विना पट्ट्यातल्या खाणी, त्रिनेत्सचा लोखंडाचा कारखाना आणि 1869 मध्ये गावात पोचलेला, पुढे स्लोव्हाकियात गेलेला लोहमार्ग. 1910 च्या जनगणनेत संस्थानातल्या सुमारे 55 टक्के लोकांची रोजची भाषा पोलिश, 27 टक्क्यांची चेक आणि 18 टक्क्यांची जर्मन भरली. खुद्द शहरात मात्र जर्मन बोलणारेच जास्त. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडलं. पोलंड भाषेच्या आकड्यांवर बोट ठेवू लागला, तर चेकोस्लोव्हाकियाला खाणी आणि रेल्वे सोडवेना. जानेवारी 1919 मध्ये दोघांत आठवडाभर युद्ध झालं. सार्वमत ठरलं आणि बारगळलं. अखेर 28 जुलै 1920 रोजी दोस्तराष्ट्रांच्या राजदूतांनी गावात ओल्झा हीच सीमा ठरवली.

गावाच्या अंगावर ही रेघ कशी उमटली, ते ट्रामवरून कळतं. 1911 पासून स्टेशनवरून निघणारी ट्राम पूल ओलांडून जुन्या शहरात जायची. फाळणीनंतर जेमतेम दोन किलोमीटरच्या त्या फेरीत आंतरराष्ट्रीय सीमा आली. 1921 मध्ये ट्राम बंद पडली. पश्चिमेकडच्या, स्टेशनच्या बाजूच्या उपनगराला आता गाव म्हणून उभं राहणं भाग होतं.

ऑक्टोबर 1938 मध्ये, म्युनिक करारापाठोपाठ, पोलंडने पश्चिम काठ घेतला. वर्षभरात दोन्ही काठ हिटलरकडे गेले. 1945 नंतर पुन्हा 1920 चीच रेघ आली. 21 डिसेंबर 2007 रोजी शेंगेन करारामुळे पुलावरची पासपोर्ट तपासणी थांबली आणि लोक नोकरीला, बाजाराला, नाटकाला सहज ये-जा करू लागले.

मार्च 2020 मध्ये, फाळणीच्या शताब्दी वर्षातच, कोरोनामुळे पूल बंद झाले. तेव्हा पोलिश काठावर एक फलक लागला : चेक मित्रा, तुझी आठवण येते. समोरच्या काठावरून उत्तर आलं : मलाही तुझी. एक फलक पोलिशमध्ये, दुसरा चेकमध्ये. या भागातली जुनी बोली दोन्ही काठांवर चालते; तिला लोक ‘पो नाशिमु’, म्हणजे ‘आपल्या पद्धतीचं’ बोलणं म्हणतात. ते फलक वाचायला कुणाला दुभाष्या लागला नाही.