लूर्दचं पाणी

फ्रान्समधलं लूर्द हे जेमतेम चौदा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथे वर्षाकाठी तीसेक लाख माणसं जात. कोविडच्या साथीमुळे १७ मार्च २०२० रोजी या तीर्थस्थानाचे दरवाजे इतिहासात पहिल्यांदाच बंद झाले.

अडचण अशी की तिथली भक्ती सगळी स्पर्शाची. गुहेच्या खडकावरून हात फिरवायचा, झऱ्याचं पाणी प्यायचं, मदतनिसांच्या आधाराने गार कुंडात उतरायचं. साथीत जे टाळायचं, नेमकं तेच.

प्रार्थनेची सोय लगेच झाली. धर्मगुरू गुहेपाशी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणत राहिले, भाविक घरून बघत राहिले. मेणबत्तीही अवघड नव्हती: पैसे ऑनलाइन भरा, तिथलं कुणीतरी तुमच्या नावाने लावतं. १८५८ साली बर्नाडेट या मुलीला याच गुहेत मरियेचं अठरावं, शेवटचं दर्शन झालं ते १६ जुलैला. २०२० मध्ये त्याच तारखेला दहा भाषांत, पंधरा तासांची ऑनलाइन यात्रा झाली.

पाणी मात्र तारेतून पाठवता येत नाही. मे महिन्यात दरवाजे थोडे उघडले, तरी कुंडं बंदच होती. मग तोडगा निघाला तो असा: स्वयंसेवक भांड्यातून पाणी ओततो; यात्रेकरू ओंजळीत घेऊन हात धुतो, चेहरा धुतो आणि घोटभर पितो. कुणी कुणाला शिवत नाही. दिसायला ही तडजोड. पण झऱ्याचं पाणी पी आणि त्यानेच धू, एवढंच तर बर्नाडेटला सांगितलं गेलं होतं, कुंडं नंतरची. मला सगळ्या पर्यायांत हाच अस्सल वाटतो.

कधी थेट पंचांगच ताणावं लागलं. स्पेनमधल्या सांतियागोला संत याकोबाचा सण, २५ जुलै, रविवारी आला की पवित्र वर्ष पाळतात. २०२१ हे तसं वर्ष. त्यानंतरचं एकदम २०२७. पोप फ्रान्सिस यांनी २०२१चं पवित्र वर्ष २०२२ अखेरपर्यंत वाढवून दिलं.

इकडे मुंबईतही वांद्र्याच्या मोत माउलीची सप्टेंबरमधली जत्रा २०२० मध्ये भरली नाही. मिस्सा ऑनलाइन झाल्या. नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं विकणाऱ्यांची दुकानं मात्र टेकडीच्या रस्त्यावर लागलीच नाहीत. लूर्दच्या हॉटेलवाल्यांचंही तेच: घरून यात्रा करणाऱ्याला खोली लागत नाही.