सायंकाळचा भोंगा

सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव नांवाचें, सुमारें तीन हजार वस्तीचें खेडें आहे. सन २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथील ग्रामसभेनें असें ठरविलें कीं, रोज सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजतांच घरोघरचे मोबाइल व दूरदर्शनसंच बंद व्हावेत, आणि ८-३० पर्यंत मुलांनीं वाचन-लेखन करावें. करोनाच्या साथींत अभ्यास मोबाइलवर आला होता. पुढें शाळा उघडल्या, तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना. आरंभीं पुष्कळ पुरुषमंडळींनीं ह्या ठरावाची थट्टाच केली. तेव्हां आशा व अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे नोकर आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

वाचकांस वाटेल, एवढ्यासाठीं सारें गांव कशाला उठवावें? मुलानें मोबाइल ठेवून दिला कीं झालें! आमच्या मतें खरी अडचण येथेंच आहे. पुस्तकास शेवटचें पान असतें, खेळास सूर्यास्त असतो. समाजमाध्यमास तसा शेवट मुद्दामच ठेविलेला नाहीं. बोट सरकवावें तसतसा नवा मजकूर खालून येतच राहावा, ही युक्ति २००६ सालीं एझा रॅस्किन ह्या अमेरिकन तंत्रज्ञानें काढिली. पुढें तिच्याबद्दल त्यानेंच जाहीरपणें खेद व्यक्त केला. दहा चित्रफिती नीरस निघतात, अकरावी मौजेची निघते, आणि ती केव्हां निघेल हें ठाऊक नसल्यानें बोट थांबत नाहीं. आपण तेथें जितका वेळ रमतों तितक्या अधिक जाहिराती आपणांस दिसतात, व त्यांवरच त्या कंपन्यांचें उत्पन्न चालतें.

दुसरी अडचण सोबत्यांची. एकट्या मुलीनें मोबाइल ठेविला तरी वर्गांतील बाकीच्यांचें संभाषण चालूंच राहतें, आणि दुसरे दिवशीं मधल्या सुटींत सर्व हंसत असतां ती मात्र गप्प बसते. ही शिक्षा लहान नव्हे. वडगांवच्या भोंग्यानें नेमकी हीच शिक्षा काढून टाकिली. त्या दीड तासांत कोणीच बोलावयाचें नाहीं, मग कोणाचें काय चुकणार? शिवाय तो वडीलमंडळींसही लागू होता. मुलाचा मोबाइल कपाटांत आणि वडील मात्र पानावर बसून चित्रफिती पाहत आहेत, असा देखावा कोणत्या घरीं नाहीं?

पनवेलास तो भोंगा जसाच्या तसा चालणार नाहीं. येथें २०१६ पासून महानगरपालिका आहे. एका देवळाचा आवाज एवढ्या शहरास कसा पुरावा? शिवाय अनेकांचे आईबाप हार्बरच्या गाडीनें रात्रीं परततात. सायंकाळीं मुलांशीं त्यांचें बोलणें होतें तें मोबाइलवरच. म्हणून घरच्यांचा फोन चालूं असावा, समाजमाध्यमें तेवढीं बंद असावींत. वेळही सातचीच कशाला? एखाद्या इमारतींतील बिऱ्हाडें रात्रीं नऊ ते दहा हा तास ठरवूं शकतील. त्याहून सोपें म्हणजे एखाद्या वर्गानें पालकांसह तो ठरवावा. कारण ज्यांचें बोलणें चुकण्याचें भय वाटतें ते सोबती बहुधा त्याच वर्गांत असतात. आरंभ पंधरा दिवसांचा असला तरी पुरे. गाड्यांच्या वेळा व शिकवण्या पाहून तास मागेंपुढें करतां येईल.