कोरडं बंदर, ओलं गाव

या, बसा. आज राक्षसाची गोष्ट नाही, राजाचीही नाही. आज एका बेटाची गोष्ट. बेटाचं नाव क्रीट. ग्रीस देशाच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रात ते आडवं पसरलंय. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 260 किलोमीटर. रुंदी मात्र बेताची, एके ठिकाणी तर जेमतेम 12 किलोमीटर. मधोमध चुनखडीच्या डोंगरांची रांग, तिची शिखरं जवळजवळ अडीच हजार मीटर उंच.

आता कोडं घालतो. या बेटाच्या पश्चिम टोकाला फालासार्ना नावाचं एक प्राचीन बंदर आहे. तिथे दगडी धक्का आहे, बुरूज आहेत, जहाजांचे दोर बांधायचे दगड आहेत. समुद्रातून आत यायला खडक फोडून काढलेला कालवासुद्धा आहे. नाही ते फक्त पाणी! समुद्र बराच खाली, दूरवर, आणि धक्क्यासमोर माती नि काटेरी झुडपं. त्याच बेटाच्या पूर्वेला ओलूस नावाचं एक प्राचीन नगर आहे. त्याच्या भिंती पाण्याखाली आहेत. उन्हाळ्यात लोक तिथे पोहतात तेव्हा त्यांच्या पोटाखालून कुणाच्या तरी घराचे पाये सरकतात. बंदर कोरडं आणि गाव ओलं. कसं झालं असेल?

"समुद्र आटला असेल," मुक्ता म्हणाली.

मग पूर्वेकडेही आटायला हवा होता ना गं? समुद्र एकच आहे. पश्चिमेला उतरायचं आणि पूर्वेला चढायचं, हे काही त्याला जमत नाही.

"म्हणजे जमीनच हलली!" हे चिनूचं उत्तर. शाबास. गोष्ट इथूनच सुरू होते.

फालासार्नाचे लोक पक्के दर्यावर्दी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यांनी आपल्या बंदराभोवती तटबंदी उभारली. ते व्यापार करत, आणि संधी मिळाली की चाचेगिरीही करत. पुढे रोमन आले. त्यांना चाच्यांचा वीट आला होता. त्यांनी कालव्याच्या तोंडात मोठमोठे दगड टाकून बंदर कायमचं बुजवलं. पण बंदर वर उचललं ते रोमनांनी नाही. ते काम झालं त्यानंतर चारशे वर्षांनी.

इसवी सन 365, 21 जुलै. पहाटेची वेळ. क्रीटच्या जवळ समुद्रतळाखाली खडक फाटला आणि प्रचंड भूकंप झाला. आजचे शास्त्रज्ञ त्याची तीव्रता 8 च्या वर मानतात. पश्चिम क्रीटमधलं किसामोस शहर कोसळलं. त्याच्या श्रीमंत घरांतल्या मोझेकच्या फरशा आज तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळतात. मग समुद्र उसळला. शेकडो किलोमीटर दूर, इजिप्तच्या अलेक्झांड्रियात काय झालं ते आमिआनुस मार्सेलिनुस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय. आधी समुद्र मागे हटला. तळ उघडा पडला, जहाजं चिखलात टेकली. लोकांना मौज वाटली. ते त्या उघड्या तळावर उतरले आणि तडफडणारे मासे हातांनी गोळा करू लागले. तेवढ्यात पाणी परत आलं. हजारो माणसं गेली. काही जहाजं तर घरांच्या छपरांवर जाऊन बसली.

म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कुठल्याही किनाऱ्यावर उपयोगी पडेल. ओहोटीची वेळ नसताना समुद्र अचानक खूप मागे गेला, तर शिंपले वेचायला थांबायचं नाही. उंच जागेकडे पळत सुटायचं.

त्या काळात क्रीटचा नैर्ऋत्य कोपरा किती वर आला असेल? जवळजवळ नऊ मीटर! तीन मजली इमारतीएवढा. फालासार्ना तिथून थोडं उत्तरेला, म्हणून ते साडेसहा मीटर उचललं गेलं.

"पण आजोबा, कळलं कसं? तेव्हा मोजायला कोण होतं?"

खडक होता ना! पश्चिम क्रीटच्या किनाऱ्यावरून बोटीने गेलात, तर कड्यांवर एक आडवी खाच दिसते. मैलोन्‌मैल, पट्टी लावून आखावी तशी. ती जुन्या समुद्राची रेघ. चुनखडीचा खडक पाण्याच्या पातळीशी झिजतो. तिथे गोगलगाईंचे चिवट भाऊबंद दगड खरवडत शेवाळ खातात. आणि एक शिंपला आहे, आकाराने आणि रंगाने थेट खारकेसारखा. हा पठ्ठ्या चुनखडी विरघळवणारा रस सोडतो, खडकात भोक पाडतो आणि जन्मभर त्याच घरात राहतो. खडक वर उचलला गेला की पाणी तुटतं आणि तो बिचारा जागच्या जागी मरतो. कवच मात्र भोकात राहतं. त्या कवचातला किरणोत्सारी कार्बन मोजला की तो केव्हा मेला ते कळतं. क्रीटच्या उचललेल्या खडकांतल्या अशा जिवांनी जो काळ सांगितला, तो 365 च्या आसपासचाच.

आता भूमध्य समुद्राची एक खोड ध्यानात घ्या. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार मीटरहूनही जास्त चढतं-उतरतं. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी वीतभर, फार तर दोन वीत. म्हणून तिथली पाण्याची रेघ इतकी बारीक आणि नेमकी. आपल्या खडकांवर ती पसरट झाली असती आणि वाचायला अवघड गेली असती.

ही रेघ पहिल्यांदा नीट वाचली थॉमस स्प्रॅट या ब्रिटिश आरमारी कप्तानाने. 1850 च्या दशकात तो किनाऱ्याचे नकाशे करायला क्रीटला आला होता. काम पाण्याची खोली मोजायचं, पण नजर शोधकाची. जुने लेखक फालासार्नाच्या बंदराचं वर्णन करतात आणि इथे तर सगळी जमीन, हे त्याने पाहिलं, खडकावरची खाच पाहिली आणि दोन्हींची सांगड घातली. त्याचं क्रीटवरचं पुस्तक 1865 मध्ये निघालं. प्रत्यक्ष बंदर मातीतून बाहेर काढायला मात्र आणखी सव्वाशे वर्षं गेली. 1986 मध्ये एल्पिदा हाजिदाकी या ग्रीक संशोधक बाईंनी तिथे उत्खनन सुरू केलं.

स्प्रॅटला वाटलं की आमटीचं ताट एका बाजूने उचललं की आमटी दुसऱ्या काठाशी जमते, तसं हे बेट कललंय. पश्चिम वर, पूर्व खाली. ऐकायला छान आहे, पण पुरतं खरं नाही. आफ्रिकेचा भूपट्ट क्रीटच्या दक्षिणेला एजियन भूपट्टाच्या खाली शिरतोय. दोन्ही एकमेकांकडे वर्षाला तीन-साडेतीन सेंटिमीटर सरकतात. ताण साठतो आणि कधीतरी एका फटक्यात सुटतो, तेव्हा वरचा तुकडा उसळतो. पश्चिमेला झालं ते असं. काही अभ्यासक अलीकडे म्हणू लागलेत की हे सगळं एका दणक्यात झालं नसावं, आधीच्या काही शतकांतल्या भूकंपांनीही थोडा हातभार लावला असावा. मला विचाराल तर त्यांचं म्हणणं ऐकण्याजोगं आहे. पूर्वेकडची गोष्ट वेगळी. तिथली जमीन आपल्या चालीने खचत गेली आणि दोन हजार वर्षांत समुद्राची पातळीही थोडी चढली.

पूर्वेचा पुरावा गमतीदार आहे. रोमन लोकांना ताजे मासे फार आवडत. किनाऱ्यालगतच्या खडकात ते हौद खोदत आणि त्यात जिवंत मासे ठेवत. हौदात समुद्राचं पाणी खेळतं राहायला हवं, म्हणून त्याची उंची पातळीशी अगदी जुळवून ठेवावी लागे. असे हौद हेर्सोनिसोस आणि मोखलोस इथे आहेत आणि आज ते पाण्यात बुडालेत. मोखलोस तर आता किनाऱ्यापासून सुटलेलं चिमुकलं बेट आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी, क्रीटच्या प्राचीन मिनोअन लोकांच्या काळात, तिथे पायी जाता येत असे.

ओलूस एलुंडा गावाशेजारी आहे. समोरच स्पिनालोंगा बेट. 1579 मध्ये व्हेनिसवाल्यांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि 1903 ते 1957 या काळात त्याच किल्ल्यात कुष्ठरुग्णांना नेऊन ठेवलं जाई. बोटीने जाता येतं. लहान मुलांना मी ती जागा दाखवली असती, पण घाईने नाही.

पश्चिमेच्या पुळणी मात्र तुम्हाला वेड लावतील. बालोसची खाडी इतकी उथळ की चिनू अर्धी पायी ओलांडेल. तिच्या समोरच्या ग्रामवूसा बेटावर व्हेनिसवाल्यांचा किल्ला आहे. 1669 मध्ये क्रीट तुर्कांकडे गेलं, तरी हा किल्ला आणखी वीसेक वर्षं व्हेनिसकडेच राहिला. आणि एलाफोनिसीची वाळू गुलाबी! रंग कुणी ओतला नाही हं. समुद्रतळाशी एक तांबडा जीव राहतो. सगळं शरीर म्हणजे एकच पेशी, पण स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतो. मेल्यावर कवचं फुटतात, लाटा त्यांचा चुरा किनाऱ्याला आणतात आणि पांढऱ्या वाळूत तो मिसळतो. काठाशी जिथे लाट परतते तिथे रंग सगळ्यात गडद. ती वाळू खिशात घालून आणायला मनाई आहे, आणि ती मनाई मला पटते. लाखो प्रवासी येतात. प्रत्येकाने मूठभर नेली तर उरेल काय?

हानिया शहरात एक संध्याकाळ पुरे. व्हेनिसवाल्यांचं बंदर, त्याच्या तोंडाशी दीपस्तंभ, मागे अरुंद गल्ल्या. दीपस्तंभ मूळ व्हेनिसचा, पण आज दिसतो तो 1830 च्या दशकात इजिप्शियन राजवटीत पुन्हा बांधलेला. मिनोअन लोकांचा क्नोसोसचा राजवाडा सगळेच पाहतात, तुम्हीही बघालच. आर्थर एव्हान्स या ब्रिटिश संशोधकाने 1900 मध्ये तो खणायला घेतला आणि नंतर काँक्रीट वापरून बराचसा नव्याने उभा केला, हे तिथे फिरताना डोक्यात असू द्या.

मोठेपणी जाल तेव्हा मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. जुलै-ऑगस्टचं ऊन आणि गर्दी दोन्ही नकोत. दिवस कमी असतील तर राजवाडा सोडला तरी चालेल. फालासार्ना सोडू नका. हानियाहून तिथे गाडीने सव्वा तास लागतो. टोपी आणि पाणी बरोबर न्या.