म्हशीचा मुका माज आणि दुधातील संप्रेरक

कुसगावासारख्या मावळातील गावी भातखाचराच्या खालोखाल आधार दुभत्याचा. म्हणून म्हैस फळली किंवा नाही, हा प्रश्न आमच्या वाचकांस केवळ शास्त्रीय वाटणार नाही. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, आणि तो एकदा हुकला की सुमारे २१ दिवसांची वैरण व्यर्थ जाते.

माजाचे नियमन करणारी कित्येक संप्रेरके स्टेरॉइड जातीची असतात. ती शरीरातच कोलेस्टेरॉलपासून बनतात व रक्तावाटे दूरच्या अवयवांस पोहोचतात. गोऱ्हा खच्ची केला म्हणजे त्याचा स्वभाव व बांधा पालटतो, हे वाडवडिलांस ठाऊक होतेच. असे का व्हावे, याचा छडा १८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे बर्थोल्ड यांनी कोंबड्यांवर लाविला. वृषण काढलेल्यांचा तुरा खुरटला, झुंज सरली. परंतु ज्यांच्या पोटात वृषण अन्यत्र रोविले, ते पुरते कोंबडे झाले. फाडून पाहता त्यास नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसल्या, मज्जातंतू मात्र जुळले नव्हते. तेव्हा ही करणी रक्ताचीच! ते द्रव्य, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, शुद्ध रूपात हाती येण्यास १९३५ साल उजाडले.

आता जनावर फाडण्याचे कारण उरलेले नाही. माज ओसरल्यावर बीजांडकोशातील पीतपिंड प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतो. गर्भ न राहिल्यास पिंड जिरतो व पुन्हा माज येतो. राहिल्यास प्रोजेस्टेरॉन चढेच राहते. त्याचा अंश दुधात उतरतो, पण तो मिलिलिटरास ग्रॅमचे काही अब्जांश इतकाच. इतके सूक्ष्म माप किरणोत्सर्गी खुणेच्या साह्याने घेण्याची रीत यॅलो व बर्सन यांनी प्रथम इन्शुलिनकरिता बसविली. यॅलोबाईंस त्याबद्दल १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे तीच रीत स्टेरॉइडांस लागू झाली.

रेतनानंतर २१ ते २४ दिवसांनी दुधात प्रोजेस्टेरॉन अल्प आढळले, तर म्हैस गाभण नाही हे जवळजवळ निश्चित समजावे. अधिक आढळल्यास मात्र संभव एवढेच म्हणावे, व पुढे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले, म्हणून सांगतो की रेतनाची तारीख लिहिलेली नसेल तर ही परीक्षा निरुपयोगी होय. याच जिल्ह्यात उरळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या बायफ संस्थेने कृत्रिम रेतन गोठ्याच्या दारी नेले. वहीत एक ओळ लिहिणे त्याहून खचितच सोपे आहे.

माज आणण्याकरिता प्रोस्टाग्लँडिनची सुई देतात. ते स्टेरॉइड नव्हे. पण पीतपिंड जिरविणे हेच त्याचे काम. म्हैस रिकामी असल्याची खात्री केल्यावाचून ती सुई टोचवू नये, कारण गाभण म्हैस तिने गाभटते.