विश्लेषण : ज्वालामुखीच्या शेजारी स्वस्त भटकंती... ग्वाटेमालातल्या अँटिग्वात पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही?

अँटिग्वा म्हटले की आपल्याला व्हिव्ह रिचर्ड्स आणि कॅरेबियन बेटावरचे क्रिकेट आठवते. पण रात्रीच्या अंधारात लाल लाव्हा उडवणाऱ्या डोंगराचे जे रील मोबाइलवर दिसतात, त्यातले अनेक दुसऱ्याच अँटिग्वाजवळचे असतात. हे अँटिग्वा मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात आहे. पाठीवर सॅक टाकून कमी खर्चात फिरणाऱ्यांचे ते आवडते शहर. इथे राहणे-खाणे स्वस्तात भागते. मात्र ज्या डोंगरासाठी बहुतेक जण येतात, तिथली काटकसर जिवावर बेतू शकते.

हे शहर नेमके कसे आहे?

समुद्रसपाटीपासून सुमारे १,५३० मीटर उंचीवरच्या अँटिग्वाभोवती तीन मोठे ज्वालामुखी आहेत : आग्वा (३,७६० मीटर), फ्युएगो (३,७६३ मीटर) आणि आकातेनांगो (३,९७६ मीटर). स्पॅनिश राजवटीत १५४३ पासून इथे राजधानी होती. २९ जुलै १७७३ च्या भूकंपात शहर उद्ध्वस्त झाले आणि राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीला हलवण्यात आली. त्यामुळे जुन्या चर्चचे अवशेष आणि दगडी फरसबंदीचे रस्ते तसेच राहिले. १९७९ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारसा दर्जा दिला.

पैसे कुठे वाचतात?

स्थानिक चलन केत्साल. अनेक वर्षे डॉलरचा दर पावणेआठ केत्सालच्या आसपास आहे. हॉस्टेलच्या सामायिक खोलीत एक खाट घेणे सर्वांत स्वस्त. आठवडाभर थांबणार असाल, तर स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळांचा पर्याय आहे. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक आणि स्थानिक कुटुंबात जेवणासह मुक्काम, असे पॅकेज इथे सर्रास मिळते.

जेवणासाठी ‘कोमेदोर’ म्हणजे साधी खानावळ गाठावी. मक्याची तोर्तिया, काळ्या घेवड्याची उसळ आणि अंडी हा रोजचा आहार. शाकाहारींनी मात्र विचारून घ्यावे. घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. नुसते ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हटल्यास चिकन ताटात येऊ शकते, म्हणून ‘सिन पोयो’ (चिकन नको) हेही सांगावे.

सांता कातालिनाची कमान, मध्यवर्ती चौक आणि शहराचा देखावा दिसणारी सेरो दे ला क्रूस टेकडी पायी फिरून होते. इस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात रस्त्यांवर रंगीत भुशाचे आणि फुलांचे गालिचे घातले जातात. ग्वाटेमालातील या परंपरेला २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. त्या आठवड्यात गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही चढे असतात.

‘चिकन बस’ घ्यावी का?

अमेरिकेतल्या जुन्या स्कूल बस रंगवून इथे प्रवासी वाहतुकीला वापरल्या जातात. भाडे अगदी कमी, पण लूटमारीच्या घटनांमुळे परदेशी सरकारे आपल्या नागरिकांना त्या टाळण्याचा सल्ला देतात. विमानतळावरून येताना किंवा अंधार पडल्यावर पर्यटक शटल घेणेच बरे.

काटकसर कुठे नको?

आकातेनांगोवर. या ट्रेकचा मुक्काम साधारण ३,६०० मीटरवर असतो, म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून उंच. समोरचा फ्युएगो एरवी दिवसातून अनेकदा स्फोट करतो, तो इथून दिसतो. सह्याद्रीत सराव असलेल्यांनाही इथली विरळ हवा, पायाखालचा घसारा आणि रात्रीची गोठवणारी थंडी नवी असते. जानेवारी २०१७ मध्ये याच डोंगरावर कडाक्याच्या थंडीने सहा गिर्यारोहकांचा बळी घेतला होता.

त्यामुळे फक्त दर पाहून सहल ठरवू नये. जाड जॅकेट, स्लीपिंग बॅग, जेवण, प्रवेश शुल्क आणि परतीचा प्रवास दरात आहे का, हे आधी विचारावे. चढाईपूर्वी दोन दिवस अँटिग्वात काढावेत. डोके दुखून मळमळ वाढली, तर खाली उतरणे हाच उपाय. इतका चढ झेपणार नसेल, तर पकाया (सुमारे २,५५० मीटर) हा अर्ध्या दिवसाचा सोपा पर्याय आहे.

फ्युएगोच्या जवळ जावे का?

काही आयोजक जादा पैसे घेऊन मुक्कामावरून फ्युएगोच्या सोंडेवर नेतात. ३ जून २०१८ रोजी याच फ्युएगोतून उसळलेल्या तप्त राख-वायूच्या लोंढ्याने सान मिगेल लोस लोतेस हे गाव गाडले. शेकडो लोक मृत वा बेपत्ता झाले. मार्च २०२५ मध्येही उद्रेकामुळे पायथ्याच्या गावकऱ्यांना हलवावे लागले. इन्सिवुमेह ही सरकारी संस्था ज्वालामुखीवर नजर ठेवते, तर कॉनरेड ही आपत्ती यंत्रणा इशारे देते. निघण्याच्या दिवशी ते पाहावेत. लाव्हा आकातेनांगोच्या मुक्कामावरूनही स्पष्ट दिसतो. फोटो थोडा लांबून येईल, एवढाच फरक.

कधी जावे?

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ असते, पण डोंगरावर थंडी आणि वारा सर्वाधिक असतो. हॉस्टेल आणि खानावळीत वाचलेले पैसे चांगल्या वाटाड्यावर आणि उबदार कपड्यांवर खर्च केले, तर हिशेब बरोबर जुळतो.