उपग्रह अंतराळात, परीक्षा राजूरच्या शेतात

जालना जिल्ह्यातील राजूर हे राजुरेश्वर गणपतीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले गाव. भोकरदन तालुक्यातील या परिसरात खरिपाला कापूस, मका, सोयाबीन ही पिके घेतली जातात आणि पावसाच्या लहरीवर वर्षाचा हिशेब ठरतो. उपग्रहांद्वारे पिकांची माहिती देऊ पाहणारा नवउद्योग भांडवलासाठी गुंतवणूकदारापुढे जातो, तेव्हा त्याच्या सादरीकरणात बहुधा इथला शेतकरी असतो. देशात इतके कोटी शेतकरी, प्रत्येकाने वर्षाला इतके रुपये दिले तर बाजारपेठ इतकी! अनुभवी गुंतवणूकदार हा गुणाकार बाजूला सारतो आणि विचारतो, राजूरच्या शेताचे छायाचित्र विकत घेणार कोण?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांची छायाचित्रे कोणालाही मोफत मिळतात. दर पाच दिवसांनी तेच शेत पुन्हा टिपले जाते आणि चित्रातील प्रत्येक ठिपका जमिनीवरील दहा मीटर लांबी-रुंदीचा असतो. म्हणजे दोन एकरांच्या शेतावर असे सुमारे ऐंशी ठिपके. खरिपात ढग आडवे येतात हे खरे. परंतु ढगांआडून पाहणाऱ्या रडार-उपग्रहांची माहितीही मोफत उपलब्ध आहे, आणि ३० जुलै २०२५ रोजी ‘इस्रो’ व ‘नासा’ यांचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह अवकाशात गेला आहे. फुकटच्या चित्रात दिसत नाही असे काय आपण दाखविणार, याचे उत्तर तयार नसेल तर पुढील बोलणे व्यर्थ होय.

शेतकरी हा या माहितीचा लाभार्थी असू शकतो. पैसे देणारा मात्र बहुधा दुसराच असतो. विमा कंपनी, राज्य शासन, बँक किंवा बियाणे कंपनी हे खरे ग्राहक. पंतप्रधान पीकविमा योजनेत केंद्राने २०२३च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्रात प्रमुख पिकांच्या विम्यासाठी महसूल मंडळ हे एकक धरले जाते. तेव्हा अशा नवउद्योगाची खरी पूर्वतयारी म्हणजे राजूरसारख्या एखाद्या मंडळात किमान दोन खरिपांचा आपला अंदाज आणि पीककापणी प्रयोगांचा निष्कर्ष शेजारी-शेजारी मांडून दाखविणे. चूक किती टक्के आली हेही त्यात प्रामाणिकपणे लिहावे. लपविलेली चूक चौकशीत सापडली की व्यवहार तिथेच मोडतो. ‘आम्हाला आपल्या कामात रस आहे’ अशी पत्रे दहा असली तरी, छोट्या का होईना, एका सशुल्क कराराची सर त्यांना येत नाही.

उपग्रहाचे सुटे भाग बनविणाऱ्यांना हीच कसोटी दुसऱ्या रूपात लागू होते. मुंबईच्या ‘मनस्तू स्पेस’चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी घडविलेला ‘प्रथम’ उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला. त्या प्रकल्पातून आलेल्या तुषार जाधव आणि अष्टेश कुमार यांनी २०१७ मध्ये ही कंपनी स्थापन केली. विषारी हायड्रॅझिनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित इंधन वापरणारी उपग्रह-प्रणोदन यंत्रणा हा तिचा विषय. आधी जमिनीवरील चाचण्या, नंतर गुंतवणूक आणि पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ‘पीएसएलव्ही-सी६०’च्या चौथ्या टप्प्यावरील ‘पोएम’ मंचावर प्रत्यक्ष अवकाशातील प्रयोग, असा हा क्रम आहे. गुंतवणूकदाराचा पैसा प्रत्येक पायरीवर एकेक शंका दूर करण्यासाठी लागतो. म्हणून किती कोटी हवेत याआधी, त्या कोटींनी कोणती शंका मिटेल, हे सांगता आले पाहिजे.

वेळापत्रकाबाबत तर अंतराळ क्षेत्र निष्ठुर आहे. चेन्नईच्या ‘अग्निकुल’चे पहिले उड्डाण चार वेळा रद्द होऊन ३० मे २०२४ रोजी पार पडले. ‘पीएसएलव्ही’सारखा भरवशाचा प्रक्षेपकही १८ मे २०२५ रोजी अपयशी ठरला. उड्डाण वर्षभर लांबले तरी पगार चुकणार नाहीत, एवढी शिल्लक आराखड्यात दिसावी लागते. नेमकी हीच ओळ अनेक आराखड्यांत नसते.

कागदपत्रांचा भाग रूक्ष, पण निर्णायक. संशोधन शिक्षणसंस्थेच्या प्रयोगशाळेत झाले असेल तर त्याचे हक्क कंपनीकडे आहेत काय? ‘इन-स्पेस’ची आवश्यक अनुमती मिळाली आहे काय? परदेशी पैसा येणार असेल तर २०२४ मध्ये बदललेले नियमही पाहावे लागतात. सुट्या भागांच्या निर्मितीत शंभर टक्के, उपग्रहनिर्मिती व उपग्रह-माहिती सेवेत ७४ टक्के आणि प्रक्षेपकांत ४९ टक्क्यांपर्यंत थेट परकीय गुंतवणुकीस शासनाची पूर्वपरवानगी लागत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अंतराळ नवउद्योगांसाठी एक हजार कोटींच्या साहसनिधीस मान्यता दिली, तेव्हा अनेकांच्या आशा पल्लवित झाल्या. परंतु त्यातील एकेक गुंतवणूक साधारण दहा ते साठ कोटींची असावी असे ठरले. ती काहीशा प्रौढ कंपन्यांसाठी आहे. कागदावरील कल्पनेसाठी नव्हे. त्याआधीच्या अवस्थेतील उद्योगांना ‘इन-स्पेस’च्या बीजनिधी योजनेत एक कोटी रुपयांपर्यंतचे साह्य देऊ केले गेले. राजूरसारख्या एक-दोन मंडळांतील दोन खरिपांचा पडताळा तेवढ्या रकमेत बसविता येण्याजोगा आहे.